धारेला आकडा नसतो

‘हार्डनेस किती?’

ओरल्सला हा प्रश्न विचारला गेला नाही असा मेकॅनिकलचा एक तरी विद्यार्थी शोधून दाखवा! आपण ‘साठ एचआरसी, सर’ म्हणतो, एक्स्टर्नल मान डोलावतात आणि ‘नेक्स्ट’ म्हणतात. संपलं मटेरियल सायन्स. पण समजा एखाद्या एक्स्टर्नलने विचारलं, ‘बरं, याच पोलादाची सुरी केली तर तिची धार किती टिकेल?’ तर? छताकडे बघण्याशिवाय आपल्याकडे उत्तर नसतं. कारण साठ एचआरसीची एक सुरी कितीतरी दिवस टोमॅटो सुरेख कापते, आणि साठ एचआरसीच्याच दुसऱ्या सुरीच्या धारेला चार दिवसांत बारीक बारीक खांडं पडतात. आकडा तोच, धार वेगळी!

हा फरक करतात ती कार्बाइडं. म्हणजे लोखंड, क्रोमियम, व्हॅनेडियम अशा धातूंनी कार्बनशी केलेली घट्ट लग्नं. आपल्या पुस्तकात कार्बाइड म्हणजे फेज डायग्रामच्या उजव्या टोकाला ६.६७ टक्क्यांवर उभी असलेली एक रेघ. परीक्षेत ती रेघ नीट काढली की मार्क मिळतात. पण कार्बाइड केवढं आहे, कुठे बसलंय, भट्टीत विरघळलं की नाही, यावर धारेचं सगळं भवितव्य ठरतं आणि त्याबद्दल आपल्याला कोणी काही विचारत नाही. याउलट आपल्या गेटपासून पौडच्या दिशेने थोडं चालत गेलं की रस्त्याच्या कडेला पाल टाकून बसलेले घिसाडी काका दिसतात. ते दिवसभर हेच कार्बाइड हाताळतात, फक्त त्याचं नाव त्यांना माहीत नाही. आपल्याला नाव माहीत आहे, बाकी काही नाही. ही दोन माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, हे माझं म्हणणं आहे आणि त्यासाठीच हा लेख.

आधी कार्बाइडची गोष्ट सोपी करून सांगते. मित्रांनो, लोणावळ्याची चिक्की आठवा. शेंगदाण्याची चिक्की म्हणजे गुळाच्या पाकात बसवलेले मोठे मोठे दाणे. आता या चिक्कीला कागदासारखी पातळ कड काढायची ठरवली तर काय होईल? दाणा कडेपेक्षा मोठा, त्यामुळे तो निखळून पडेल आणि तिथे खड्डा राहील. तेच राजगिऱ्याच्या चिक्कीचं करा. दाणे बारीक, सगळीकडे सारखे पसरलेले, त्यामुळे कड बरीच पातळ काढता येते. आणि नुसता गुळाचा पाक थापला तर कड सगळ्यात सफाईदार निघेल, पण घासली की लवकर झिजेल. पोलादात पाक म्हणजे मार्टेन्साइट आणि दाणे म्हणजे कार्बाइड. बस, एवढंच!

पिरंगुटच्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये ज्याला ‘एचसीएचसीआर’ म्हणतात, ते डी-टू पोलाद म्हणजे शेंगदाण्याची चिक्की. त्यात कार्बन साधारण १.५ टक्के आणि क्रोमियम १२ टक्के. त्यातली क्रोमियम कार्बाइडं वीस-वीस मायक्रॉनची किंवा त्याहूनही मोठी असू शकतात, म्हणजे केसाच्या जाडीचा तिसरा-चौथा हिस्सा. चांगल्या सुरीच्या धारेचं टोक मात्र एका मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून बारीक असतं. प्रेसच्या पंच आणि डायला हे पोलाद उत्तम, कारण तिथे घासणं सोसायचं असतं. पण त्याला फार बारीक कोनात धार लावली की दाणे निखळतात. आणखी एक गंमत. क्रोमियम १२ टक्के असूनही हे पोलाद आपल्या मुळशीच्या पावसात गंजतं! कारण त्यातलं बरंचसं क्रोमियम कार्बाइडमध्ये अडकून पडलेलं असतं, गंजापासून राखण करायला मोकळं उरतच नाही.

बेअरिंगचं एन-३१ म्हणजे राजगिरा. कार्बन एक टक्का, क्रोमियम दीडच्या आसपास, आणि कार्बाइडं एखाद्या मायक्रॉनची. ट्रकचा पाटा म्हणजे नुसता पाक. कार्बन अर्धा ते सहा दशांश टक्के, त्यामुळे नीट तापवला की त्यातलं सगळं सिमेंटाइट विरघळून जातं आणि दाणे उरतच नाहीत. म्हणून पाट्याचा कोयता खैराच्या फांदीवर हाणला तरी तुटत नाही, पण धार मात्र अधूनमधून लावावी लागते. आणि आपल्या मेसमधली सुरी? स्वस्तातल्या स्टेनलेस सुरीत कार्बन बेताचाच असतो. ती गंजत नाही हा तिचा मोठा गुण, पण धार झिजण्याआधी वळते. म्हणूनच मेसमधल्या मावशी कांदा चिरता चिरता एक सुरी दुसरीवर घासून घेतात. वळलेली धार सरळ होते आणि पुढचे चार किलो कांदे निघतात. हे त्यांना कोणत्याही पुस्तकाने शिकवलेलं नाही.

आता घिसाडी काकांकडे वळू. घिसाडी ही महाराष्ट्रातल्या भटक्या जमातींच्या यादीत असलेली जमात. बाई घण मारते, पुरुष सांडशीत लोखंड धरतो, आणि पोरगं भाता किंवा हाताने फिरवायचा पंखा चालवतं. आपण जाता-येता बघतो आणि पुढे जातो. मी काही वेळा थांबून बघितलं. काका पाटा तापवतात तेव्हा भट्टीवर मुद्दाम सावली धरलेली असते. उन्हात लाल रंग फसवतो, सावलीत खरा दिसतो. हा त्यांचा पायरोमीटर. ‘ताई, लोखंड जादा लाल झालं की जळतं. मग कितीबी पाणी पाजा, तुटणारच,’ ते म्हणाले. आपल्या भाषेत सांगायचं तर तापमान हाताबाहेर गेलं की ऑस्टेनाइटचे ग्रेन वाढतात आणि पातं ठिसूळ होतं. कमी तापलं तर कार्बाइड विरघळत नाही, कार्बन पोलादात मोकळा होत नाही आणि धार मऊ राहते. या दोन चुकांच्या मधली चिंचोळी जागा ते डोळ्याने पकडतात.

मग ते पात्याची फक्त धार पाण्यात धरतात, पाठ बाहेर. ‘टिक्’ असा आवाज आला तर समजायचं, तडा गेला. नाही आला तर पातं बाहेर काढून धार दगडावर घासून चकचकीत करतात आणि बघत बसतात. पाठीतली उरलेली उष्णता हळूहळू धारेकडे सरकते आणि चकचकीत भागावर रंग धावतो. गवती पिवळा म्हणजे सुमारे २२० ते २३० अंश सेल्सिअस, जांभळा म्हणजे २८० च्या आसपास, निळा म्हणजे ३००. हवा तो रंग धारेवर आला की पुन्हा पाण्यात. झालं टेंपरिंग! या काही क्षणांत मार्टेन्साइटमध्ये कोंडलेला कार्बन बाहेर पडून अतिसूक्ष्म कार्बाइडं तयार होतात, साध्या मायक्रोस्कोपखाली दिसणारही नाहीत इतकी लहान, आणि ठिसूळपणा कमी होतो. क्वेंचिंग आणि टेंपरिंग या आपल्या दोन प्रॅक्टिकलांना ते मिळून एकच शब्द वापरतात: पाणी पाजणं.

माझं सगळं शिक्षण इंग्रजीतून झालं. त्यामुळे ‘पाणीदार’ हा शब्द मला फक्त डोळ्यांच्या वर्णनापुरता ठाऊक होता. तो मुळात तलवारीचा, पात्याचा शब्द आहे हे मला रस्त्याच्या कडेला कळलं, वर्गात नाही. आणि आमच्या वर्गात जी मुलं गावाकडून आली आहेत, ज्यांच्या घरी भातकापणीच्या आधी विळे शेवटून आणतात, त्यांना हा शब्द लहानपणापासून माहीत आहे. पण ‘टेंपरिंग म्हणजे तुमचं पाणी पाजणं’ हे त्यांना कोणीच सांगत नाही. मग तीच मुलं व्याख्या पाठ करतात आणि व्हायव्हात अडखळतात. नुकसान कोणाचं?

कोणी म्हणेल, ही उगाच जुन्याची आरती चालली आहे. तसं अजिबात नाही. काकांचा प्रत्येक विळा चांगला निघत नाही, हे ते स्वतःच सांगतात. कारण त्यांच्या हातात येतं ते भंगार. पाटा कुठल्या गाडीचा, कुठल्या ग्रेडचा, काही माहीत नसतं. कधी पाट्यासारखी दिसणारी साधी माइल्ड स्टीलची पट्टी येते. तिच्यात कार्बनच नाही, तर तिला पाणी पाजून उपयोग काय? कधी बेअरिंगची रिंग येते. तिला पाट्याइतकं लाल केलं आणि तितकंच झटकन पाण्यात बुडवलं तर ती तडकते. डोळा तोच, हात तोच, पण कच्चा माल बदलला की अनुभव लंगडा पडतो. आणि फटका कोणाला बसतो? दिवाळीच्या सुमारास खाचरात वाकून भात कापणाऱ्या बाईला. भाताच्या पेंढ्यात वजनाच्या साधारण दहावा हिस्सा सिलिका असते, आणि तुसाच्या राखेत तर ८५ टक्क्यांहून जास्त. ही सिलिका गारगोटीपेक्षा थोडी मऊ, पण प्रत्येक काडीत असते. म्हणजे भात कापणं हे विळ्याला दिवसभर बारीक पॉलिश पेपरवर घासण्यासारखंच. विळा मऊ असेल तर दुपारपर्यंत बोथट होतो, आणि मग काडी कापली जात नाही, ओढली जाते. कंबर आणि मनगट याचा हिशोब ठेवतात! दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा दातेरी ‘वैभव’ विळा याच कामासाठी आहे. पण गावोगाव अजून घिसाड्याचाच विळा वापरात दिसतो, आणि तो चांगला निघणं हा नशिबाचा भाग असू नये.

हातात कौशल्य आहे पण माल का बदलला ते कळत नाही, या कोड्याने एकदा आपलं मोठं नुकसान केलं आहे. १७९४ साली मुंबईहून हेलेनस स्कॉट नावाच्या डॉक्टरने लंडनला रॉयल सोसायटीच्या जोसेफ बँक्सकडे ‘वूट्झ’ पोलादाचे नमुने पाठवले. १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सनने त्यावर निबंध वाचला, आणि शीर्षकात हे पोलाद ‘मुंबईत बनलेलं’ म्हणून टाकलं. प्रत्यक्षात ते दख्खनच्या आणि दक्षिणेच्या मुशींतून यायचं. पुढे जेम्स स्टोडार्ट या सुऱ्या आणि शस्त्रक्रियेची हत्यारं बनवणाऱ्या कारागिराने मायकेल फॅरेडेला बरोबर घेऊन या पोलादावर काम केलं. फॅरेडे स्वतः लोहाराचा मुलगा होता. वूट्झचं रहस्य त्यातल्या ॲल्युमिनियममध्ये असावं असा त्याने तर्क केला. तो तर्क चुकीचा ठरला, पण कारागीर आणि शास्त्रज्ञ एका टेबलावर बसले होते हे महत्त्वाचं. त्यांच्या कामाने मिश्र पोलादांच्या अभ्यासाची वाट पडली.

आणि आपल्याकडे? एकोणिसाव्या शतकात वूट्झ विझत गेलं. त्याच्या पात्यांवर जी पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसायची, ती म्हणजे सिमेंटाइटच्या बारीक कणांच्या ओळी. या ओळी कशा पडतात, हे अमेरिकेतल्या आयोवाचे प्राध्यापक जॉन व्हरहोवन आणि फ्लोरिडातले एक नालबंद व चाकू-कारागीर आल्फ्रेड पेंड्रे यांनी मिळून शोधलं. १९९८ साली त्यांनी मांडलं की खनिजातून आलेलं व्हॅनेडियमसारखं मूलद्रव्य अगदी ०.००३ टक्के असलं तरी कार्बाइडांना ओळीत बसवायला पुरतं. त्यांचा तर्क असा, की ते विशिष्ट खनिज मिळेनासं झालं तेव्हा जुन्या लोहारांनी सगळं पूर्वीसारखंच केलं, तरी नक्षी उमटेना. आणि का उमटत नाही हे सांगणारं कोणी नव्हतं. इंग्रजांचं स्वस्त पोलाद, जंगलावरचे निर्बंध ही कारणं आहेतच. पण हे कारण मला जास्त टोचतं. कारण घिसाडी काकांची आजची अडचण हुबेहूब तीच आहे. माल बदलतोय आणि सांगणारं कोणी नाही.

सांगणारे आपण असू शकतो. आपल्याकडे मायक्रोस्कोप आहे, मफल फर्नेस आहे, रॉकवेल मशीन आहे. पण आपण काय करतो? कपाटातले वर्षानुवर्षं तेच माउंट केलेले नमुने बाहेर काढतो, आयपीसमधून एकदा डोकावतो आणि जर्नलमधली आकृती सीनिअरच्या जर्नलवरून उतरवतो. सबमिशन झालं, सही झाली. शेफिल्ड हे सुऱ्यांचं गाव. तिथल्या हत्यारं बनवणाऱ्या घराण्यातल्या हेन्री सॉर्बीने १८६३ च्या सुमारास पोलाद घासून, आम्लाने खरवडून मायक्रोस्कोपखाली धरलं, तेव्हा मेटॅलोग्राफी जन्माला आली. म्हणजे आपलं हे प्रॅक्टिकल मुळात धारेच्या गावात जन्मलं. आपण त्यातली धारच काढून टाकली.

मागच्या टर्मला लॅब असिस्टंट दादांच्या मदतीने आम्ही चौघांनी एक प्रयोग करून पाहिला. काकांकडून मोडक्या कोयत्याचा बोटभर तुकडा आणला, मेसमधून मोडलेल्या सुरीचं टोक मागून घेतलं. दोन्ही कापले, माउंट केले, पॉलिश केले, नायटल लावलं. कोयत्याच्या धारेकडे सुयांसारखं काळपट मार्टेन्साइट, पाठीकडे जावं तसं पर्लाइट. एकाच तुकड्यात दोन पोलादं! स्टेनलेसवर मात्र नायटलने काही उमटलंच नाही, वेगळं एचंट लागतं. अर्ध्या तासात जेवढे ‘का?’ आमच्या तोंडून निघाले तेवढे अख्ख्या सेमिस्टरमध्ये निघाले नव्हते.

म्हणून माझी मागणी अगदी व्यवहारी आहे. एक, मेटॅलोग्राफीच्या प्रॅक्टिकलमध्ये प्रत्येक बॅचला चार अनोळखी तुकडे द्या: मोडका विळा, मेसची सुरी, बेअरिंगची रिंग आणि वर्कशॉपमधला बाद झालेला पंच. प्रश्न एकच ठेवा: ‘याची धार कशी जाईल आणि का?’ झिजेल, वळेल की निखळेल? उत्तर जर्नलमधून उतरवता येणार नाही. दोन, हार्डनेसच्या जोडीला कापण्याची चाचणी ठेवा. पेंढ्याच्या सारख्या जुड्या करा आणि किती काप झाल्यावर धार घसरते ते मोजा. तीन, घिसाडी काका-काकूंना एक दिवस वर्कशॉपमध्ये बोलवा आणि पाहुण्या व्याख्यात्याला देतो तेवढंच मानधन द्या. ‘डेमो’ म्हणून चहा पाजून बोळवण नको. चार, आपणही त्यांना काही द्या. एक लोहचुंबक पुरे. पोलाद ७७० अंशांच्या आसपास गेलं की चुंबक चिकटायचं थांबतं. पाट्याला त्याहून थोडं पुढे न्यायचं, म्हणजे ढगाळ दिवशीही रंग फसवणार नाही. ग्राइंडरवरच्या ठिणग्यांवरून कार्बन कमी-जास्त कसा ओळखायचा याचा मराठीतला एक तक्ता आपण करू शकतो. त्यांच्या भंगाराच्या ढिगातून माइल्ड स्टील बाजूला निघालं तरी कितीतरी बायकांची कापणी सुखाची होईल.

आक्षेप मला ठाऊक आहेत. ‘सिलॅबसमध्ये नाही.’ सिलॅबसमध्ये ‘मायक्रोस्ट्रक्चरचा अभ्यास’ आहे. कोणत्या तुकड्याचा, ते त्यात लिहिलेलं नाही. ‘कॅम्पसमध्ये कोयता?’ वर्तमानपत्रांतल्या कोयता गँगच्या बातम्यांमुळे आणि २०१८ च्या ‘मुळशी पॅटर्न’मुळे हा शब्द बदनाम झालाय खरा. पण आपल्याला हवा आहे तो भंगारातला बोटभर तुकडा, बेकलाइटमध्ये बसवलेला. त्याने फार तर रिपोर्ट कापला जाईल! ‘शेवटी जायचंय हिंजवडीलाच, कोडिंग करायला. कार्बाइड कशाला?’ तर बाबांनो, हिंजवडीही मुळशी तालुक्यातच आहे आणि तिथेही आउटपुटचा आकडा बरोबर आला म्हणून प्रोग्रॅम बरोबर असतोच असं नाही. आकड्यामागे काय बसलंय ते बघायची सवय कुठेही उपयोगी पडते.

डिपार्टमेंटच्या सरांना आणि मॅडमना विनंती, की पुढच्या टर्मला निदान एका बॅचला हे करून बघू द्या. नमुने गोळा करायची, कापायची, पॉलिश करायची जबाबदारी आमची. विळ्यांचे मोडके तुकडे गावातून मिळतीलच. फक्त ठिणग्यांचा तक्ता भातकापणीच्या आधी तयार व्हायला हवा. कापणी झाल्यावर विळ्याला पाणी पाजून उपयोग नाही.